वारशाची मोटार आणि हरवलेला कागद

परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यांत पूर्णा नदीच्या कांठीं येलदरी हें गांव आहे. १९५८ सालीं तेथें धरणाचें काम सुरू झालें, १९६८ सालीं तें पुरें झालें, आणि साडेबावीस मेगावॅट शक्तीच्या वीजघरासह येलदरीचें नांव महाराष्ट्रभर ठाऊक झालें. परंतु धरणापूर्वींच्या या मुलुखाची हकीकत समजून घ्यावयाची असेल, तर एखाद्या जुन्या वाड्याच्या गोठ्यांत कडब्याच्या पेंढ्यांआड उभी असलेली मोटारहि पुष्कळ कांहीं सांगूं शकते. आजोबांनीं हौसेनें घेतलेली, वडिलांनीं गोणपाटानें झांकून ठेवलेली आणि शेवटीं नातवाच्या वांट्यास आलेली ही मोटार. टायर कुजलेले, पितळी दिव्यांवर काजळी, आणि कागदाचा एक चिटोराहि नाहीं. विकावी तर भंगाराचा भाव. ठेवावी तर सरकारदप्तरीं ती मुळीं अस्तित्वांतच नाहीं. अशा वेळीं वारसानें काय करावें?

बहुतेक लोक येथें कायद्याकडे धांव घेतात. पण मराठवाड्यांतील मोटारीच्या बाबतींत कायद्याच्या आधीं इतिहास पाहावा लागतो. गोठ्यांतून एक पाऊलहि न हलतां त्या मोटारीनें चार राजवटी पाहिल्या आहेत. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हा प्रदेश निजामाच्या राज्यांत होता. ब्रिटिश हिंदुस्थानांत १९१४ सालीं मोटारींचा कायदा झाला खरा, परंतु त्याचा अंमल निजामाच्या हद्दींत चालत नसे. तेथें दरबारचे स्वतःचे कायदे व स्वतःचीं दप्तरें. पोलीस कारवाईनंतर आठ वर्षें हैदराबाद राज्य राहिलें. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं त्या राज्याचे तीन तुकडे झाले: तेलंगण आंध्रास, कानडी जिल्हे म्हैसुरास, आणि परभणीसह मराठवाड्याचे पांच जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यास मिळाले. साडेतीन वर्षांनीं, १ मे १९६० रोजीं, महाराष्ट्र आला. माणसें, शेतें व नद्या जेथल्या तेथें राहिल्या. मुख्य कचेऱ्या मात्र हैदराबादेहून मुंबईस गेल्या. अशा स्थलांतरांत एखाद्या खेड्यांतील मोटारीची नोंद मागें राहिली असेल, तर त्यांत नवल तें काय?

म्हणून "कागद नाहींत" असें घरांतील मंडळी म्हणतात, तेव्हां ते खरोखरच नाहींत कीं ते ओळखतां आले नाहींत, हें आधीं पाहिलें पाहिजे. निजामाच्या राज्यांत १८८४ पासून दरबारी कारभाराची भाषा उर्दू होती. कराची पावती किंवा परवाना मिळाला तर तो उर्दू लिपींत असावयाचा. त्यावरील साल फसली, महिने आजूर, दै, बहमन या नांवांचे, आणि रक्कम हाली शिक्क्याच्या रुपयांत. फसली सालांत ५९० मिळविले कीं इसवी सन बहुतेक जुळतो, कारण तेथील फसली वर्ष ऑक्टोबरांत लागत असे. जानेवारीनंतरच्या महिन्यांस ५९१ मिळवावे लागतात. म्हणजे १३४७ फसलीची पावती ही १९३७-३८ ची. सात हाली रुपये म्हणजे सुमारें सहा कलदार. नातवास उर्दू येत नाहीं, फसली साल त्याच्या कानांवरूनहि गेलेलें नाहीं. साफसफाईच्या दिवशीं तो ट्रंकेंतील पिवळ्या कागदांचा गठ्ठा बंबांत घालतो आणि दुसऱ्या दिवशीं मोटारीच्या कागदांचा शोध सुरू करतो! निजामकालीन दप्तराचा मोठा सांठा हैदराबादेस तारनाक्याच्या पुराभिलेखागारांत आहे. घरचा गठ्ठा उर्दू जाणणाऱ्या एखाद्या वृद्ध गृहस्थास दाखवून झाल्यावर गरज पडली, तर तेथेंहि विचारणा करावी.

सरकारी नोंद हरवली तरी कारखान्याची नोंद पुष्कळदां टिकून असते. याचें नामांकित उदाहरण खुद्द निजामाच्याच घरचें आहे. सहावे निजाम मीर महबूब अली खां यांनीं विलायतेंत रोल्स-रॉइस मोटार मागविली. ती तयार होऊन येण्यापूर्वींच, १९११ च्या ऑगस्टांत, ते निवर्तले, आणि उंच सिंहासनासारखी बैठक असलेली ती १९१२ ची मोटार त्यांचे पुत्र मीर उस्मान अली खां यांस मिळाली. वारशाची मोटार म्हणावी तर हीच! त्या कंपनीच्या जुन्या मोटारींचीं सांगाड्याच्या क्रमांकानुसार लिहिलेलीं टिपणें इंग्लंडांतील हौशी मंडळींच्या संस्थेनें जतन केलीं आहेत. येलदरीच्या गोठ्यांत रोल्स-रॉइस निघणार नाहीं, हें उघड आहे. तेथें निघालीच तर फोर्ड, शेव्हर्ले किंवा लष्करानें मोडींत काढलेली जीप. फोर्ड कंपनीनें १९२६ सालीं मुंबईंत आपलें बस्तान बसविलें, जनरल मोटर्सनें १९२८ सालीं शिवडीस जुळणीचा कारखाना काढला, आणि सोलापूरच्या वालचंद हिराचंदांच्या कंपनीनें पुढें कुर्ल्यास मोटारी जुळविल्या. या सर्व गाड्यांच्या सांगाड्यावर वा इंजिनावर क्रमांक ठोकलेला असे. तारेच्या ब्रशानें नव्हे, तर रॉकेल व मऊ फडक्यानें गंज काढून तो क्रमांक वाचावा, त्यावर कागद ठेवून पेन्सिलीनें ठसा घ्यावा. तो मोटारीचा जन्मदाखलाच होय.

यानंतर कायदा. वाहनाचा धनी मृत झाल्यास वारसानें तीस दिवसांच्या आंत नोंदणी अधिकाऱ्यास कळवावें आणि तीन महिन्यांच्या आंत नमुना ३१ प्रमाणें नांव बदलण्याचा अर्ज करावा, असा नियम आहे. आजोबांच्या पश्चात् वडिलांनीं नांव चढविलेंच नसेल, तर मधली कडीहि जोडावी लागते: दोघांच्या मृत्यूचे दाखले, वारसाचा दाखला, आणि भावाबहिणींची संमति. पुष्कळ घरांत प्रकरण अडतें तें येथेंच, कचेरींत नव्हे. नोंदणीपत्र हरवलें असल्यास पोलीस ठाण्यांत वर्दी देऊन नमुना २६ प्रमाणें दुसरी प्रत मागतां येते. मात्र त्यासाठीं जुना क्रमांक ठाऊक असला पाहिजे. परभणीच्या परिवहन कार्यालयांत नोंदवहीचा उतारा लेखी मागावा. नोंद सांपडली नाहीं, तर तसें लेखी उत्तर घ्यावें. "नोंद नाहीं" हाहि एक कागदच आहे.

२०२१ च्या जुलैंत केंद्र सरकारनें पन्नास वर्षांहून जुन्या खाजगी वाहनांसाठीं वेगळे नियम केले. नव्या नोंदणीस २०,००० रुपये शुल्क, मुदत दहा वर्षें, फेरनोंदणीस ५,०००. क्रमांकांत 'व्ही ए' हीं अक्षरें येतात. अशी गाडी प्रदर्शनास, शर्यतींच्या मेळाव्यास किंवा दुरुस्तीस नेतां येते. रोजच्या बाजारहाटास नाहीं. सांगाडा, साटा व इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा, अशीहि अट आहे. मूळ इंजिन काढून विहिरीच्या पंपास जोडलें असेल, तर तें शोधून परत आणणें बरें! देशांत पूर्वीं नोंदलेल्या वाहनाचें जुनें नोंदणीपत्र मात्र हे नियमहि मागतात, म्हणून ट्रंकेचा शोध कोणासहि चुकत नाहीं.

याच अडचणींत दलाल येतो. त्याच बनावटीच्या भंगारांत गेलेल्या एखाद्या गाडीचे कागद तो आणून देतो आणि मूळ क्रमांक घांसून त्यावर नवा ठोकावयास सुचवितो. हा फौजदारी गुन्हा आहे, हें तर झालेंच. शिवाय मोटारीजवळ तिच्या जन्माची जी एकुलती एक साक्ष होती, तीच या हातोड्यानें कायमची नाहींशी होते. मग पुढें खरा कागद सांपडला तरी तो कशाशींच जुळत नाहीं.

कागद अजिबात न मिळाल्यास भिंतीकडे पाहावें. लग्नाच्या वरातीचा फोटो जुन्या वाड्यांतून टांगलेला असतो. फेटेवाल्या मंडळींच्या मागें फुलांच्या माळा घातलेली मोटार उभी असते, आणि माळांच्या आड, भिंग धरलें तर, पाटीवरील अक्षरें वाचतां येतात.