कोरा चहा, पांढरा चहा

युसूफ वडगावात कुणी ‘पांढरा चहा’ मागितला, तर हॉटेलवाला दूध वाढवून देईल. बिनदुधाचा चहा आपल्याकडे कोरा. आम्हा मुसलमानांच्या घरात ‘काली चाय’. पण मोठ्या शहरांत महागात विकला जाणारा पांढरा चहा हाही कोराच असतो. चीनच्या फुजियान प्रांतात चहाच्या झुडपाचे लुसलुशीत कोंब खुडतात आणि न मळता, न चुरडता नुसते सुकवतात. कोंबांवरच्या रुपेरी लवेमुळे तो पांढरा. आता तो दार्जिलिंग आणि निलगिरीतही होतो.

रंग फिका, म्हणून त्यात कॅफीन नाहीच, असा एक समज आहे. तो बरोबर नाही. कीड लागू नये म्हणून झाड कॅफीन साठवतं, ते कोवळ्या कोंबात जास्त. जर्मन रसायनशास्त्रज्ञ रुंगे यांनी 1819 मध्ये कॉफीतून कॅफीन वेगळं केलं. 1827 मध्ये चहात तसं द्रव्य सापडलं, तेव्हा त्याला ‘थेईन’ असं निराळं नाव मिळालं. 1838 मध्ये कळलं, दोन्ही एकच. कपात ते किती उतरतं, हे पानाइतकंच चहा करण्याच्या रीतीवर ठरतं.

या रीतीलाही इतिहास आहे. इंग्रजांच्या मळ्यांतला चहा आधी परदेशी जायचा. 1903 मध्ये चहावर उपकराचा कायदा झाला आणि पुढे त्या पैशातून देशभर चहाचा प्रचार झाला. गिरण्यांत, खाणींत, रेल्वे स्टेशनांवर चहा पोचला. किटलीत पत्ती घाला, उकळतं पाणी ओता, थोडं थांबा, असं प्रचारक शिकवत. लोकांनी चहा घेतला, रीत घेतली नाही. पत्तीला पैसे पडत, म्हणून ती उकळून उकळून कस काढायचा. 1930 च्या सुमारास आसामात मॅककर्चर यांनी पान चुरडून दाणा करणारं यंत्र आणलं. स्वातंत्र्यानंतर तो दाणा खेडोपाडी गेला. चिमूटभर टाकला की लगेच रंग, लगेच कडकपणा.

1942 मध्ये पुण्याच्या आगाखान पॅलेसमधल्या कैदेत गांधीजींनी आरोग्यावर पुस्तक लिहिलं. त्यात त्यांनी चहाचीही दखल घेतली. गाळणीत पत्ती ठेवून वरून उकळतं पाणी ओतलं, ते सोनेरी झालं, तर असा चहा बहुधा अपाय करणार नाही. नेहमीच्या पद्धतीच्या चहात मात्र टॅनिन उतरतं, असं त्यांचं म्हणणं.

पांढऱ्या चहाची रीत याच्या जवळची. पाणी उकळून खाली उतरवा, चार-पाच मिनिटं निवू द्या. कपभर पाण्याला दोन-तीन ग्रॅम कोंब. तीन ते पाच मिनिटं झाकून ठेवा, गाळा. दूध नको, साखर नको. पाणी कमी तापलेलं आणि कोंब अखंड, म्हणून कॅफीन सावकाश उतरतं. तेच जास्त वेळ ठेवलं, तर वाढतं.

हा चहा आपल्या गावात कुणी पिणार नाही, हे मला ठाऊक आहे. सांगायचं आहे ते कोऱ्या चहाबद्दल. दिवाळीच्या सुमारास केज तालुक्यातून कोयते ऊसतोडीला निघतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायको. पहाटेच्या थंडीत कोऱ्या चहावर कामाला जुंपून घेणारी ही माणसं. कॅफीन ताकद देत नाही. थकवा मिटत नाही, फक्त थकव्याची वर्दी मेंदूला लागत नाही. भूकही काही वेळ दबते. शिवाय टॅनिनसारखी द्रव्यं भाकरी-भाजीतलं लोह अंगी लागू देत नाहीत. ज्या बायकांच्या अंगात आधीच रक्त कमी, त्यांना याचा तोटा जास्त.

चहा सोडा, असं मी म्हणणार नाही; पाहुणचाराला आपल्याकडे दुसरं काय आहे? पण तो जेवणाच्या आधी-नंतर तासभर अंतर ठेवून घ्यावा, पत्ती फार उकळू नये. आणि कामावर निघालेल्या बाईच्या हातात आधी भाकरी पडावी, मग कप.