भिंतीतली नऊ घरं

माणदेशातलं आमचं जुनं घर तीन वर्षांपूर्वी पाडलं. दगड-मातीच्या जाड भिंती, वर माळवद आणि आत भर दुपारीही अंधार, असं ते घर. पावसाळ्यात माळवद गळायला लागलं तेव्हा धाकटा भाऊ म्हणाला, आता स्लॅबचं बांधू. त्याचं बरोबरच होतं. मी गेलो होतो तो फक्त घराला निरोप द्यायला.

दुपारी आतल्या खोलीची भिंत उतरवताना गवंड्याची पहार पोकळ वाजली. चार दगड काढले तर आत कोनाडा. पुढून दगड आणि चिखलानं नीट लिंपून बंद केलेला. त्यात चार वस्तू होत्या. काळ्या दोऱ्यात ओवलेला बिब्बा, घोड्याच्या नालेचा तुकडा, तान्ह्या मुलाच्या पायातला एकच वाळा आणि घडी घातलेला तांब्याचा पत्रा.

गवंडी पहार टाकून मागं सरला. म्हणाला, "दादा, करणी हाय ही. हात लावू नका." बघता बघता दारात दहा-बारा माणसं जमली. एकानं लिंबू आणायला पोरगं पिटाळलं. आमचे एक चुलतभाऊ हलक्या आवाजात मला म्हणाले, "बघ, दादी खोटं बोलत नव्हती."

दादी काय बोलायची ते आधी सांगायला हवं.

माझ्या आजोबांचे थोरले भाऊ आणि त्यांची बायको याच घरात राहत. तिला सगळे बडीअम्मा म्हणत. तिला मूल नव्हतं. माझ्या दादीची पहिली दोन मुलं पाठोपाठ गेली, एक जन्मताच आणि एक सव्वा महिन्याचं होऊन. ही गोष्ट १९३०च्या आसपासची. घरात कुजबुज सुरू झाली की, वांझ बाईची नजर लागली. मग कुणीतरी म्हणालं, तिला रात्री भिंतीपाशी काही करताना पाहिलंय. एवढं पुरेसं होतं. बडीअम्माला माहेरी पोचवलं. परत आणलं नाही. माझ्या लहानपणी दादी त्या भिंतीकडं बोट दाखवून सांगायची, "इथं तिनं काहीतरी पुरलंय." आम्ही मुलं त्या खोलीत संध्याकाळनंतर जात नसू.

मी तो पत्रा उचलला. लोकांना वाटलं, शहरात राहून हा बिघडलाय. घरी नेऊन चिंचेच्या कोळानं घासला, हळूच उलगडला. त्यावर खिळ्यासारख्या टोकदार वस्तूनं कोरलेली नऊ घरं होती, आणि प्रत्येक घरात एक उर्दू आकडा. वरच्या ओळीत ४, ९, २. मधल्या ओळीत ३, ५, ७. खालच्या ओळीत ८, १, ६. आडवी बेरीज करा, उभी करा, तिरकी करा, उत्तर १५च येतं. आपल्याकडं याला पंधराचं यंत्र म्हणतात. शाळेत गणिताच्या तासाला हा चौकोन आपण कोडं म्हणून सोडवलेला असतो. पण शाळेत येण्याआधी तो हजारभर वर्षं दुसऱ्याच कामावर होता.

चीनमध्ये हा चौकोन फार जुना. कासवाच्या पाठीवर तो उमटला अशी तिथं कथा आहे. पश्चिम आशियात जाबिर इब्न हय्यान या किमयागाराच्या नावावर अनेक अरबी ग्रंथ आहेत. त्यांत हा चौकोन येतो, आणि तो कशासाठी, तर अडलेल्या बाईची सुटका व्हावी म्हणून. इमाम गझाली हे इस्लामी परंपरेतले थोर तत्त्वज्ञ, मृत्यू ११११ सालचा. आपल्या आत्मकथनात त्यांनीही याच चौकोनाचा उल्लेख केला आहे. पाणी न लागलेल्या दोन कापडांवर तो लिहायचा, बाळंत होणाऱ्या बाईनं त्याकडं बघायचं आणि तो पायाखाली ठेवायचा. बुद्धीला ज्याचं कारण सापडत नाही अशा गोष्टीचा दाखला म्हणून त्यांनी तो दिला आहे.

आता आपल्याकडं या. वृंद नावाच्या वैद्याचा 'सिद्धयोग' हा संस्कृत ग्रंथ साधारण इसवी सन ९००चा. त्यातही नऊ घरांचा चौकोन आहे. फक्त आकडे दुप्पट केलेले, त्यामुळं बेरीज ३० येते. आणि त्याचा उपयोग? प्रसूती सुखानं व्हावी! अरबी हकीम आणि संस्कृत वैद्य, दोघांनी एकच चौकोन एकाच बाईच्या हाती दिला. कुणी कुणाकडून घेतला यावर पंडितांनी वाद घालावा. मला त्यातली सोबत मोठी वाटते.

पुढं आपल्या गणितज्ञांनी या चौकोनांचं शास्त्रच केलं. नारायण पंडितांच्या 'गणितकौमुदी'त, म्हणजे १३५६ साली, भद्रगणित या नावानं त्यावर स्वतंत्र प्रकरण आहे. खजुराहोच्या पार्श्वनाथ मंदिरात सोळा घरांचा चौकोन कोरलेला आहे, त्याची बेरीज ३४. इकडं मुसलमानांच्या ताविजांत पंधराच्या चौकोनाचे चार कोपरे महत्त्वाचे ठरले. २, ४, ६, ८ या आकड्यांना अरबी अक्षरमोजणीत बे, दाल, वाव, हे अशी अक्षरं येतात. ती जोडली की 'बदूह' असा शब्द होतो. अरबी मुलखात पूर्वी पत्र सुखरूप पोचावं म्हणून पाकिटावर तो लिहीत.

हे सगळं वाचून झालं आणि मग माझ्या लक्षात आलं की, ज्या भिंतीत तो कोनाडा होता ती खोली कुठली. आमच्या घरातली ती बाळंतिणीची खोली. माझ्या वडिलांचा जन्म तिथलाच.

म्हणजे ज्याला तीन पिढ्या करणी म्हणत आल्या, ती बाळ सुखरूप पोचावं म्हणून केलेली विनवणी होती. बाकीच्या तीन वस्तूही तेच सांगत होत्या. बिब्बा काळ्या दोऱ्यात ओवून तान्ह्या मुलाच्या गळ्यात किंवा कमरेला बांधत, ते दृष्ट लागू नये म्हणून. लोखंड वाईटाला अडवतं म्हणून बाळंतिणीच्या उशाशी विळा किंवा सुरी ठेवत. हिंदूंच्या घरी पाचवीला सटवाई पूजत, आमच्याकडं छठी करत. नावं वेगळी, पण दोन्ही घरांत दिवा रात्रभर जळायचा. कारण भीती एकच होती.

ती भीती खोटी नव्हती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिंदुस्थानात जन्मलेल्या दर पाच मुलांपैकी साधारण एक पहिला वाढदिवस बघत नसे. २०२० साली महाराष्ट्रात हे प्रमाण हजारी १६ होतं. ही उतरंड चौकोनानं किंवा बिब्ब्यानं झालेली नाही. ती लसीनं, स्वच्छ पाण्यानं, नर्सबाईंनी आणि दवाखान्यानं झाली. हे निःसंदिग्धपणे सांगायला हवं. पण ज्या बाईच्या गावात दवाखाना नव्हता, तिच्या हाती काय होतं? तांब्याचा तुकडा आणि नऊ आकडे.

अशा गोष्टींची नोंद करणारी माणसं आपल्याकडं होऊन गेली. आंध्रातल्या एलुरूचे जाफर शरीफ यांनी दख्खनच्या मुसलमानांच्या चालीरीती, जन्मापासून दफनापर्यंत, दखनीत लिहून काढल्या. हर्क्लॉट्स नावाच्या डॉक्टरनं त्याचा इंग्रजी अनुवाद केला आणि 'कानून-ए-इस्लाम' हे पुस्तक १८३२ साली लंडनला निघालं. त्यात ताविजांचे चौकोनही आहेत. दुसरं नाव आपल्या ओळखीचं आहे, पण वेगळ्या कारणानं. नाशिकचा कलेक्टर जॅक्सन, ज्याला अनंत कान्हेरे यांनी २१ डिसेंबर १९०९ रोजी नाटकगृहात गोळी घातली. या जॅक्सननं मुंबई इलाख्यातल्या लोकसमजुतींची माहिती गोळा केली होती. ती मुख्यतः गावोगावच्या शाळामास्तरांनी पाठवलेली. त्याच्या मागं एन्थोवेन या अधिकाऱ्यानं ती संपादून गुजरातचा भाग १९१४ साली आणि कोकणचा १९१५ साली छापला. राजकारणातला जॅक्सन आपल्याला ठाऊक आहे. दृष्ट कशी काढतात हे मास्तरांना विचारणारा जॅक्सन फारसा ठाऊक नाही.

मागासलेल्या लोकांचंच हे काम, असं कुणी म्हणेल म्हणून इंग्लंडमधलीही गोष्ट सांगतो. तिथल्या जुन्या घरांच्या धुराड्यांत, भिंतींत, जमिनीखाली जोडे सापडतात. बहुधा एकच, वापरून झिजलेला, ठिगळ लावलेला, आणि पुष्कळदा लहान मुलाचा. आमच्या एका वाळ्यासारखाच. नॉर्दॅम्प्टन हे चांभारकामाचं प्रसिद्ध गाव. तिथल्या संग्रहालयात जून स्वॉन या बाईंनी अशा जोड्यांची नोंद ठेवायला सुरुवात केली. २०१२पर्यंत त्या वहीत सुमारे १,९०० जोडे जमा झाले होते. अंगावरच्या वस्तूत आपला अंश राहतो आणि तो घराची राखण करतो, अशी त्यामागची समजूत असावी. केंट परगण्यातल्या नोल या वाड्यात तर खुद्द राजा पहिला जेम्स याच्यासाठी तयार केलेल्या खोलीत, चुलाण्याजवळच्या लाकडावर, वाईट शक्ती अडवणाऱ्या खुणा कोरलेल्या २०१४ साली सापडल्या. भीतीला राजवाडा वर्ज्य नाही.

पण त्याच देशात आणखी एक वस्तू सापडते, आणि ती मला जोड्याहून वेगळी वाटते. लंडनच्या ग्रिनिच भागात २००४ साली सतराव्या शतकातली एक बंद बरणी जमिनीतून निघाली. ॲलन मॅसी या रसायनशास्त्रज्ञानं ती तपासली. आत वाकवलेले खिळे, पितळेच्या टाचण्या, केस, कापलेली नखं, गंधक, माणसाचं मूत्र आणि खिळा आरपार ठोकलेलं चामड्याचं काळीज. आजाऱ्याचं दुखणं ज्या चेटकिणीनं लावलं तिच्यावरच उलटावं, यासाठी अशी बरणी पुरत.

जोडा घर सांभाळ म्हणतो. बरणी गुन्हेगार शोधते. दोन्ही एकाच भीतीतून जन्मतात, पण त्यांच्यामध्ये एक उंबरठा आहे. तो ओलांडला की वस्तूच्या जागी माणूस येतो, आणि बहुतेक वेळा ते माणूस म्हणजे एकटी, मूल नसलेली किंवा म्हातारी बाई असते. इंग्लंडमध्ये १६०४च्या कायद्यानं अशा बायांना फाशी देता येत होतं. १७३५च्या कायद्यानं ते थांबलं. आपल्या सातपुड्यात डाकीण ठरवून बायांना मारहाण झाली, गावाबाहेर काढलं गेलं. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी ज्या कायद्यासाठी वर्षानुवर्षं झगडा केला, तो त्यांच्या हयातीत झाला नाही. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला. त्याच महिन्यात अध्यादेश निघाला आणि डिसेंबरमध्ये विधिमंडळानं जादूटोणाविरोधी कायदा मंजूर केला. एखादी व्यक्ती करणी करते असं सांगून तिचं जगणं मुश्कील करणं हा त्यानुसार गुन्हा आहे. कुणाच्या दारावरची नाल हा कायदा काढायला सांगत नाही.

आमच्या घरी तो उंबरठा ओलांडला गेला होता.

मी ऐंशी पार केलेल्या माझ्या फुफीला पत्रा दाखवला. ती बराच वेळ तो हातात धरून बसली. मग म्हणाली, "त्या वेळी घरात लिहिता येणारी बाई एकच होती. बडीअम्मा. बापानं तिला उर्दू शिकवलं होतं. आमच्या अम्मीला तर सहीसुद्धा येत नव्हती."

तिनं रात्री भिंतीपाशी काहीतरी केलं, हे खरंच असावं. जावेचं मूल जगावं म्हणून तिला जेवढं येत होतं तेवढं तिनं केलं. मूल गेलं, आणि तिचं लिहिणंच तिच्यावर पुरावा झालं. दादीलाही मी दोष देत नाही. दोन मुलं पुरलेल्या आईला कुणाचं तरी नाव हवं होतं, आणि आजूबाजूच्यांनी ते पुरवलं.

त्या दिवशी दारात आलेलं लिंबू भावानं सरबतात पिळलं आणि गवंड्यालाही दिलं. काम पुन्हा सुरू झालं. नव्या घरात चार खोल्या आहेत, कुठल्याच खोलीची भीती नाही.

शबे बरातला आम्ही घरातल्या गेलेल्या माणसांची नावं घेऊन फातिहा देतो. बडीअम्माचं नाव त्यात कधीच नव्हतं. तिचं खरं नावही आम्हाला ठाऊक नव्हतं, ते फुफीनं सांगितलं. गेल्या वर्षी ते पहिल्यांदा घेतलं, दादीच्या नावाला लागूनच.

(रेडिओवरील भाषणाचं संपादित रूप)