फॉस्फेट-नियमन, सूक्ष्मजंतूंतील : वालचंदनगरच्या ऊसजमिनीच्या संदर्भात

पुणे जिल्ह्याच्या इंदापूर तालुक्यात वालचंद हिराचंद (१८८२–१९५३) यांनी वसविलेल्या वालचंदनगर येथे १९३४ मध्ये साखर कारखाना उभा राहिला आणि कालव्याच्या पाण्यावर उसाचे मळे पसरले. बेसाल्ट खडकापासून बनलेल्या या भागातील काळ्या जमिनी बहुधा चुनखडीयुक्त आहेत. उसाला दिलेल्या सुपरफॉस्फेटाचा बराच भाग त्यांत कॅल्शियमाशी संयोग पावून अविद्राव्य होतो. मातीत फॉस्फेट असणे आणि ते सजीवांना मिळणे या भिन्न गोष्टी होत. उसाच्या मुळांप्रमाणे मातीतील सूक्ष्मजंतूंनाही ही टंचाई भासते.

सोव्हिएट संशोधक पिकोव्हस्काया यांनी १९४८ मध्ये फॉस्फेट विरघळविणाऱ्या सूक्ष्मजंतूंच्या अभ्यासाचे वर्णन केले. त्यांचे वाढमाध्यम आजही वापरतात. असे अनेक सूक्ष्मजंतू सेंद्रिय अम्ले स्रवतात. मात्र चुनखडीच्या जमिनीत ही अम्ले आधी चुन्यातच खर्ची पडतात. त्यामुळे काचेच्या बशीत दिसलेला गुण शेतात तितकाच उतरेल, असे धरून चालणे चुकीचे ठरते.

टंचाई ओळखण्याची यंत्रणा प्रयोगशाळेत उलगडली. होरिउची व तोर्रियानी यांच्या १९५९-६० मधील संशोधनातून एश्चेरिकिया कोलाय हा सूक्ष्मजंतू फॉस्फेट कमी पडल्यावरच अल्कलाइन फॉस्फेटेज हे एंझाइम मोठ्या प्रमाणात बनवितो, असे दिसून आले. सेंद्रिय संयुगांतील फॉस्फेट सुटे करणे हे या एंझाइमाचे कार्य होय. विद्राव्य फॉस्फेट विपुल असेल, तर त्याची निर्मिती रोखली जाते.

मातीत आढळणाऱ्या बॅसिलस सबटिलिसमध्ये हे काम फो-आर व फो-पी ही प्रथिनांची जोडी करते. कोशिकापटलातील फो-आर टंचाईची खूण ओळखून फो-पीला फॉस्फेट-गट देते व फो-पी संबंधित जीनांना चालना देते. कोशिकाभित्तीतील फॉस्फेटयुक्त टायकोइक अम्लाची जागा तेव्हा फॉस्फेटविरहित टायक्युरॉनिक अम्ल घेते. म्हणजे भिंतीतही काटकसर होते. फो-आरला मिळणारी खूण बाहेरच्या फॉस्फेटाची नसून भित्तिबांधणीतील मध्यस्थ संयुगांची असावी, असे अलीकडील संशोधन सुचविते.

टंचाई लांबल्यास सूक्ष्मजंतू बीजाणू बनविण्याकडे वळतो. या विकासाचे सूत्र स्पो०ए या प्रथिनाकडे असते. त्याच्यामुळे फॉस्फेट मिळविण्याची धडपड मंदावते, हे मॅरियन ह्यूलेट यांच्या गटाने १९९३ मध्ये दाखविले. शोधमोहीम आवरती घेऊन उरलेला साठा टिकाऊ बीजाणूच्या घडणीत लावला जातो. पुढे ओलावा व पोषण मिळताच बीजाणू अंकुरतो.