इंदिरादेवी, कूचबिहारच्या महाराणी

इंदिरादेवी (१९ फेब्रुवारी १८९२ – ६ सप्टेंबर १९६८). पूर्वाश्रमीच्या इंदिराराजे गायकवाड. बडोद्याचे सयाजीराव (तिसरे) व चिमणाबाई (दुसऱ्या) यांची एकुलती एक कन्या. शिफॉनच्या साड्या, इटालियन कारागिराने घडवलेले रत्नजडित जोडे आणि युरोपातल्या मेजवान्या एवढ्यापुरतेच त्यांचे नाव आता निघते. १४ वर्षे एक संस्थान सांभाळणाऱ्या बाईची ही फार अपुरी ओळख आहे.

ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांशी त्यांची सोयरीक ठरली होती. माधवरावांची पहिली राणी हयात होती. १९११ च्या दिल्ली दरबारात कूचबिहारचे राजपुत्र जितेंद्रनारायण भेटले आणि इंदिराराजेंनी स्वतःच माधवरावांना पत्र लिहून लग्नाला नकार कळवला. दोन्ही संस्थानांच्या मानात अंतर होते: बडोद्याला २१ तोफांची सलामी, कूचबिहारला १३. शिवाय सासर मराठा नव्हे, ब्राह्मसमाजी वळणाचे. विशेष म्हणजे चिमणाबाईंचा भारतीय स्त्रियांच्या स्थितीवरचा इंग्रजी ग्रंथ त्याच वर्षी निघाला होता, आणि तरीही लेकीच्या या निवडीला घरातून कडवा विरोध झाला. १९१३ मध्ये लंडनला विवाह झाला. पाठोपाठ थोरले दीर राजेंद्रनारायण वारले आणि जितेंद्रनारायण गादीवर आले.

विवाहावरून वादळ उठणे या सासरला नवे नव्हते. सासूबाई सुनीतीदेवी या कोलकात्याचे ब्राह्म नेते केशवचंद्र सेन यांच्या कन्या. १८७८ मध्ये त्यांचे कोवळ्या वयात लग्न लावल्यावरूनच कोलकात्यात ब्राह्मसमाज फुटला आणि साधारण ब्राह्मसमाज निघाला.

डिसेंबर १९२२ मध्ये जितेंद्रनारायण लंडनमध्ये वारले. तिशीतल्या विधवेच्या पदरी पाच मुले. थोरला पुत्र जगद्दीपेंद्र सात वर्षांचा. त्याच्या वतीने इंदिरादेवींनी १९३६ पर्यंत राजप्रतिनिधी म्हणून कारभार पाहिला, राज्यमंडळाच्या बैठका चालवल्या. पांढरी शिफॉन साडी त्यांनी नेसली ती याच वैधव्यात. ती पुढे देशभर फॅशन झाली, पण तिच्यामागचे कारण मात्र विसरले गेले.

कोलकात्यात अलीपूरचे ‘वुडलँड्स’ हे त्यांचे घर. हिवाळ्यात पोलोचा हंगाम सुरू झाला की तिथे पाहुण्यांची रीघ लागे. जयपूरचे सवाई मानसिंह त्यांतलेच; त्यांची नि कन्या गायत्रीदेवींची ओळख याच घरात झाली. त्याच गायत्रीदेवी १९६२ मध्ये स्वतंत्र पक्षाच्या उमेदवार म्हणून प्रचंड मताधिक्याने लोकसभेवर गेल्या. १९४९ मध्ये कूचबिहार भारतात विलीन झाले; पुढे तो पश्चिम बंगालचा जिल्हा बनला. इंदिरादेवींचे निधन मुंबईत झाले.