हौशी कोणाला म्हणावे? : एका नियमाचा इतिहास

गावच्या यात्रेत कुस्त्यांचा फड लागतो, तेव्हा पहिली सलामी होण्यापूर्वीच एक महत्त्वाचे काम उरकावे लागते. ते म्हणजे जोड ठरविण्याचे. पंच दोन मल्लांना शेजारी उभे करतात, त्यांची उंची, अंगलोट, वय पाहतात आणि जोड बरोबरीची वाटली तरच इनामाचा आकडा पुकारतात. जोड विजोड दिसली तर पंचांच्या आधी प्रेक्षकच ओरडा करतात. तेथे पंच एकच गोष्ट पाहतात : ही लढत बरोबरीची होईल की नाही? मल्लाचा बाप कोण, तो पोटासाठी काय करतो, गेल्या वर्षी दुसऱ्या गावच्या फडात त्याने किती रुपये घेतले, या चौकशा तेथे कोणी करीत नाही.

परंतु खेळाच्या इतिहासात या दुसऱ्या प्रकारच्या चौकशांनी फार मोठी जागा अडविली आहे. लढत बरोबरीची व्हावी म्हणून केलेले नियम वेगळे, आणि आखाड्यात कोणी पाऊलच टाकू नये हे ठरविण्यासाठी केलेले नियम वेगळे. दोन्ही ‘न्याय’ या एकाच नावाने वावरतात, आणि म्हणूनच ते वेगळे ओळखणे अवघड जाते. आज आपल्यापुढे मी अशाच एका नियमाची हकीकत मांडणार आहे. ‘ऑलिंपिक सामन्यांत फक्त हौशी खेळाडूंनीच उतरावे’ हा तो नियम होय. तो सुमारे ऐंशी वर्षे टिकला, आणि त्याच्या पायी काही थोर खेळाडूंच्या आयुष्याची राखरांगोळी झाली.

हा नियम प्राचीन ग्रीकांचा, अशी समजूत पुष्कळ दिवस प्रचलित होती. ती खरी नाही. ऑलिंपियाच्या मैदानावर पात्रतेचे नियम होतेच, व ते कडकही होते. स्पर्धक स्वतंत्र ग्रीक असावा लागे. गुलामाला व परक्याला मज्जाव होता. मॅसिडोनियाचा राजा पहिला अलेक्झांडर शर्यतीत उतरू लागला, तेव्हा इतर धावपटूंनी हरकत घेतली आणि आपले कूळ ग्रीक असल्याचे त्याला सिद्ध करावे लागले, असे हिरोडोटसने लिहून ठेवले आहे. लाचलुचपत करणाऱ्यांच्या दंडातून झ्यूसच्या ब्राँझच्या मूर्ती उभारून त्या मैदानाच्या वाटेवरच ठेवीत, म्हणजे जाणाऱ्या प्रत्येक स्पर्धकाला त्या दिसाव्यात. परंतु पैसा घेणे हा तेथे गुन्हा नव्हता. ऑलिंपियात विजयी झालेल्या अथेन्सच्या नागरिकाला पाचशे द्राख्मा द्याव्यात असा कायदा सोलोनने केला होता, असे प्लुटार्क सांगतो. अथेन्सच्या स्वतःच्या उत्सवात तर विजेत्याला तेलाचे रांजणच्या रांजण मिळत.

मग हौशीपणाचे हे सोवळे आले कोठून? ते आले एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडमधून. टेम्स नदीवरील हेन्ली येथे १८३९ पासून नौकांच्या शर्यती भरत आल्या आहेत. तेथील चालकांनी १८७९ मध्ये हौशी वल्हेकऱ्याची व्याख्या ठरविली. बक्षिसाच्या पैशासाठी शर्यत खेळणारा हौशी नव्हे, एवढ्यावर ती थांबली नाही. जो मजुरी घेऊन कारागिराचे, यंत्रावरचे वा अंगमेहनतीचे काम करतो किंवा पूर्वी कधी करीत होता, तोही हौशी नव्हे, असे त्या व्याख्येत होते. म्हणजे त्या माणसाने शर्यतीतून एक पैसाही मिळविला नसेल, तरी त्याच्या हाताला घट्टे पडले आहेत एवढ्याने तो बाद! मजुराचे दंड कामाने कमावलेले, म्हणून साहेबलोकांशी त्याची बरोबरी नाही, असे कारण सांगितले जाई. बरोबरीच्या लढतीची भाषा वापरून जातिभेदासारखी पंगत कशी मांडता येते, याचे याहून स्वच्छ उदाहरण क्वचितच सापडेल.

फिलाडेल्फियाचा जॉन केली हा गवंडीकाम करून वर आलेला वल्हेकरी. १९२० मध्ये हेन्लीला त्याचा प्रवेशअर्ज नाकारण्यात आला. त्याच्या नौका-मंडळावर हेन्लीने आधीपासून बंदी घातली होती, आणि त्याच्या हातांनी विटा रचल्या होत्या, अशी दोन्ही कारणे तेव्हा बोलली गेली. त्या वर्षी हेन्लीची ती शर्यत जॅक बेरेसफर्ड या इंग्रज तरुणाने जिंकली. थोड्याच आठवड्यांनी अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्ये केलीने त्याच बेरेसफर्डला मागे टाकून सुवर्णपदक मिळविले. पुढे १९३६ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या आठ पोलिसांच्या नौकेलाही हेन्लीने अडविले, तेव्हा फार गवगवा झाला आणि १९३७ मध्ये मजुरांवरील ते कलम काढून टाकावे लागले. केलीचा मुलगा १९४७ मध्ये तीच शर्यत हेन्लीला जाऊन जिंकून आला. बापाला बंद असलेले दार मुलाने उघडलेले पाहिले, एवढे समाधान त्या घराला मिळाले.

सर्वांच्या वाट्याला असे समाधान येत नाही. अमेरिकेतील ओक्लाहोमा या भागात साक-फॉक्स जमातीत जन्मलेला जिम थॉर्प हा आदिवासी मुलगा पेनसिल्व्हेनियातील कार्लाइल येथील शाळेत वाढला. १८७९ मध्ये स्थापन झालेल्या या शाळेचा हेतूच असा होता की, आदिवासी मुलांचे केस कापावेत, त्यांची भाषा तोंडी येऊ देऊ नये आणि त्यांना गोऱ्यांसारखे करून सोडावे. थॉर्पच्या अंगी विलक्षण चापल्य होते. १९१२ मध्ये स्टॉकहोमच्या ऑलिंपिकमध्ये तो पाच प्रकारांच्या पेंटॅथलॉनमध्ये उतरला आणि पाचांपैकी चार प्रकारांत पहिला आला. नंतर दहा प्रकारांच्या डेकॅथलॉनमध्ये त्याने ८,४१२ गुण मिळविले. दुसरा आलेला स्वीडनचा ह्युगो विस्लांडर त्याच्या सुमारे ६८८ गुणांनी मागे होता. स्वीडनच्या राजाने स्वतः त्याच्या हाती बक्षिसे दिली.

सहा महिने गेले. जानेवारी १९१३ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील एका वृत्तपत्राने बातमी दिली की, थॉर्प १९०९ व १९१० च्या उन्हाळ्यात नॉर्थ कॅरोलिनातील लहानसहान संघांतून बेसबॉल खेळला होता आणि त्याबद्दल त्याने थोडाफार पैसा घेतला होता. त्या काळी कॉलेजातील कित्येक मुले सुट्टीत असाच बेसबॉल खेळत; फक्त ती खोटी नावे लावीत. थॉर्प आपल्या खऱ्या नावाने खेळला. त्याने अमेरिकेच्या हौशी क्रीडासंघटनेला पत्र लिहून सर्व कबूल केले आणि आपल्याला या नियमांची नीट कल्पना नव्हती, असे प्रांजळपणे कळविले. त्याच्या शाळेच्या चालकांनी व मार्गदर्शकाने मात्र आम्हांला यातले काही ठाऊक नव्हते, असे म्हणून कानांवर हात ठेवले. संघटनेने त्याचे हौशीपण मागील तारखेपासून रद्द केले. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने त्याची पदके परत मागविली आणि त्याचे नाव विजेत्यांच्या यादीतून पुसून टाकले.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. स्टॉकहोमच्या सामन्यांसाठी जे नियम छापले होते, त्यांतच असे कलम होते की, एखाद्याच्या पात्रतेविषयी हरकत असेल तर ती बक्षीस-समारंभापासून तीस दिवसांच्या आत आली पाहिजे. थॉर्पविषयीची हरकत सहा महिन्यांनी आली. म्हणजे नियमभंगाबद्दल ज्याला शिक्षा झाली, त्याला शिक्षा देणाऱ्यांनीच आपला नियम मोडला होता. ज्या मुलाच्या जमातीतील लोकांना सरसकट नागरिकत्व देणारा कायदासुद्धा अमेरिकेत १९२४ पर्यंत झालेला नव्हता, त्याच्या बाजूने ते कलम वाचून दाखविण्याची तसदी कोणी घेतली नाही.

आता आपण १९५२ च्या हेलसिंकीकडे वळू. कारण या इतिहासाचे अनेक धागे त्या एका मैदानावर एकत्र येतात. १९ जुलै रोजी उद्घाटनाच्या वेळी ज्योत घेऊन मैदानात धावत आला तो फिनलंडचा पाव्हो नुर्मी. तीन ऑलिंपिकमध्ये मिळून नऊ सुवर्णपदके मिळविणारा हा धावपटू १९३२ मध्ये मॅरेथॉनसाठी लॉस एंजेलिसला पोचला होता. परंतु जर्मनीतील दौऱ्यात त्याने वाजवीपेक्षा जास्त प्रवासखर्च घेतला, असे म्हणून ऐन वेळी त्याला बाहेर ठेवण्यात आले. वीस वर्षांनी त्याच्याच देशाने त्याच्या हाती ज्योत दिली.

त्याच सामन्यांत सोव्हिएत रशियाचे खेळाडू प्रथमच उतरले. कागदोपत्री ते सैनिक, विद्यार्थी किंवा कामगार होते. पगार सरकारचा आणि काम सरावाचे. इकडे अमेरिकेतील विद्यापीठे खेळाडूंना शिष्यवृत्त्या देत होती. नियमाप्रमाणे हे सारे हौशीच!

आणि त्याच हेलसिंकीत कराडजवळच्या गोळेश्वरचा खाशाबा जाधव बँटमवेट गटात काँस्यपदक घेऊन उभा राहिला. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. मातीत वाढलेला हा मल्ल १९४८ मध्ये लंडनला गादीवर लढून सहावा आला होता. १९५२ मध्ये त्याच्या प्रवासासाठी गावकऱ्यांनी वर्गणी गोळा केली आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले, ही हकीकत आपल्याकडे घरोघर सांगितली जाते. ती ऐकताना आपला ऊर भरून येतो, आणि यावाही. परंतु तिच्यातील दुसरा अर्थही आपण पाहिला पाहिजे. हौशी खेळाडूने खेळावर पोट भरू नये, असे म्हणणाऱ्या नियमाला एक प्रश्न कधी पडला नाही : मग ज्याच्या घरी शेतीवाचून काही नाही, त्याने सराव कोणत्या वेळी करावा आणि बोटीचे भाडे कोठून आणावे? श्रीमंताला हौस परवडते. गरिबाच्या हौशीसाठी कोणाला तरी घर गहाण टाकावे लागते. नियम दोघांना एकच होता, पण त्याचे ओझे दोघांवर सारखे नव्हते.

याच वर्षी ऑलिंपिक समितीचे अध्यक्षपद अमेरिकेच्या एव्हरी ब्रंडेज यांच्याकडे आले. १९१२ च्या स्टॉकहोमला थॉर्पबरोबर त्याच दोन स्पर्धांत उतरलेले आणि त्याच्या फार मागे राहिलेले हे गृहस्थ. ते १९७२ पर्यंत, वीस वर्षे, अध्यक्ष होते आणि हौशीपणाचे कट्टर पुरस्कर्ते होते. त्यांच्या मनात जुनी असूया होती असे म्हणण्याचे कारण नाही. त्यांची या तत्त्वावर खरोखरीच निष्ठा होती. पण त्यांच्या कारकिर्दीत थॉर्पची पदके परत झाली नाहीत. आणि त्यांच्या अखेरच्या वर्षी, १९७२ मध्ये, साप्पोरोच्या हिवाळी सामन्यांतून ऑस्ट्रियाच्या कार्ल श्रांत्स या बर्फावरील घसरपट्टूला बाहेर काढण्यात आले. व्हिएन्नाला परतल्यावर लोकांनी त्याचे विजयी वीरासारखे स्वागत केले. लोकांच्या मनातून नियम उतरला होता, याची ती खूण होती.

पुढे नियम पायरीपायरीने सैल झाला. १९७४ मध्ये सरावाच्या काळात बुडालेल्या पगाराची भरपाई घेण्यास मुभा मिळाली. पुढच्या दशकात कोण पात्र हे ठरविण्याचे काम त्या त्या खेळाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेकडे गेले. १९८८ मध्ये धंदेवाईक टेनिसपटू आले, १९९२ मध्ये बार्सिलोनाला अमेरिकेचे धंदेवाईक बास्केटबॉलपटू आले. आकाश काही कोसळले नाही.

थॉर्प १९५३ मध्ये वारला. नंतर काही अभ्यासकांनी १९१२ चे नियमांचे पुस्तक धुंडाळून तीस दिवसांचे ते कलम पुढे आणले. ऑक्टोबर १९८२ मध्ये समितीने त्याची पदके परत केली आणि जानेवारी १९८३ मध्ये त्याच्या मुलांच्या हाती प्रतिकृती देण्यात आल्या. परंतु यादीत त्याला संयुक्त विजेता म्हटले होते. अखेर १५ जुलै २०२२ रोजी, डेकॅथलॉनच्या विजयाला ११० वर्षे पुरी झाली त्या दिवशी, तो दोन्ही स्पर्धांचा एकमेव विजेता म्हणून जाहीर झाला. आपल्या माणसाने ते सुवर्णपदक कधी मनाने स्वीकारले नव्हते आणि खरा विजेता थॉर्पच होता असे तो मानीत असे, हे विस्लांडरच्या कुटुंबीयांनी त्या वेळी सांगितले. मैदानात हरलेल्याला जे पहिल्या दिवसापासून ठाऊक होते, ते समितीला समजण्यास एक शतक लागले.

श्रोतेहो, यावरून पात्रतेचे नियमच नकोत, असा निष्कर्ष कोणी काढू नये. वजनाचे गट नसते तर खाशाबांसारख्या लहान चणीच्या मल्लाचे गुण जगाला दिसले नसते. उत्तेजक औषधांवर बंदी नसेल तर तरुण पोरे जिवाला मुकतील. स्त्रियांच्या स्पर्धांत कोणी उतरावे, हा आजचा वाद तर दोन्ही बाजूंनी कळकळीचा आहे. ओडिशाची धावपटू द्युती चंद हिला २०१४ मध्ये तिच्या शरीरातील नैसर्गिक संप्रेरकाच्या प्रमाणावरून थांबविण्यात आले. तिने क्रीडा-लवादाकडे दाद मागितली, आणि जुलै २०१५ मध्ये लवादाने तो नियम तहकूब केला. कारण नियम करणाऱ्यांनी त्याला पुरेसा पुरावा दिला नव्हता. त्या वादाने पुढे अनेक वळणे घेतली. पण थॉर्पला जी सुनावणी मिळाली नाही, ती तिला मिळाली, हा फरक लहान नाही.

तेव्हा कोणताही नवा नियम आपल्यापुढे आला की तीन गोष्टी विचाराव्यात. तो आधी लिहून सर्वांना कळविला होता काय? ज्याच्यावर तो चालवायचा, त्याचे म्हणणे ऐकून, ठरलेल्या मुदतीत चालविला काय? आणि तो लढतीची बरोबरी राखतो की माणसाचा दर्जा तपासतो? हेन्लीचा नियम तिसऱ्या प्रश्नाला उतरला नाही, आणि थॉर्पवरचा निकाल तीनपैकी एकालाही उतरला नाही. फडातले आपले अडाणी म्हणविले जाणारे पंच दोन मल्लांना शेजारी उभे करून एवढेच पाहतात की, जोड बरोबरीची आहे ना. पहिले काम ते आहे. त्याच्या पलीकडे जाऊन कोणी माणसाचे हात पाहू लागला, तर प्रेक्षकांनी ओरडा करण्याचा आपला जुना हक्क सोडू नये.