काटेरी 'प्रॉडक्टस': शिंपल्यासारखा, पण शिंपला नव्हे

देहूरोडलगतच्या घोरावडेश्वराच्या डोंगरातील लेणी ज्या काळ्या पाषाणात कोरली आहेत, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसापासून बनला आहे. त्याहून कितीतरी प्राचीन अशा काटेरी सागरी प्राण्यांचे अवशेष पाहायचे, तर महाराष्ट्राबाहेर मध्य प्रदेशातील उमरियाच्या कोळसा क्षेत्राकडे वळावे लागते. तेथील जीवाश्मांचे वर्णन कूपर रीड यांनी १९२८ मध्ये केले. त्यांतील एका जातीला 'प्रॉडक्टस उमरिएन्सिस' हे नाव मिळाले.

'प्रॉडक्टस' ही प्रजाती सॉवर्बी यांनी १८१४ मध्ये स्थापन केली. दोन झडपांमुळे हा प्राणी शिंपल्यासारखा दिसतो. मात्र तो मृदुकाय संघातील नाही. त्याचा संघ ब्रॅकिओपोडा आणि गण प्रॉडक्टिडा. शिंपल्याच्या झडपा डावी व उजवी अशा असतात, तर ब्रॅकिओपोडांच्या वरची व खालची. प्रॉडक्टसची खालची झडप फुगीर असून तिच्यावर नळीसारखे पोकळ काटे असत. मऊ गाळात रुतून न बसता स्थिर राहण्यासाठी त्यांचा उपयोग होई. जीवाश्मांत काटे बहुधा तुटलेले असतात. कवचावर त्यांचे उंचवटे तेवढे उरतात.

एकोणिसाव्या शतकात अशी बहुतेक काटेरी कवचे एकाच नावाखाली जमा होत गेली. सॉल्ट रेंजमधील (आता पाकिस्तानात) चुनखडकालाही 'प्रॉडक्टस लाइमस्टोन' म्हटले गेले. १८७९ ते १८८७ या काळात विल्यम वागेन यांनी तेथील जीवाश्मांवर ग्रंथ प्रसिद्ध केले. पुढे १९६० मध्ये हेलन म्युर-वूड व आर्थर कूपर यांनी काट्यांची मांडणी आणि झडपांची अंतर्गत रचना तपासून या गटाची फेरमांडणी केली. अनेक जाती अन्य प्रजातींत गेल्या. काटेकोर अर्थाने 'प्रॉडक्टस' कार्बोनिफेरस कालखंडापुरती मर्यादित राहिली. त्यानंतरच्या पर्मियन कालखंडातील उमरियाची जातीही तीत बसत नाही.

हा केवळ नावाचा वाद नाही. खडकाचे वय ठरविताना त्यातील जीवाश्मांचा आधार घेतला जातो. ओळख चुकली की कालगणनाही चुकते. उमरियाचा सागरी थर हिमनद्यांनी आणलेल्या तालचीर गाळावर आहे. त्यातील कवचांमुळेच पर्मियनच्या आरंभी समुद्र मध्य भारतापर्यंत पोहोचला होता, हे सिद्ध झाले.

सुमारे २५ कोटी २० लाख वर्षांपूर्वी, पर्मियनच्या अखेरच्या महाविनाशात प्रॉडक्टिडा गण जवळपास संपूर्ण नामशेष झाला. ब्रॅकिओपोडा संघ मात्र टिकला. 'लिंग्युला'सारखे त्याचे प्रतिनिधी आजही समुद्रात आढळतात.