तुझं काम नेमकं काय असतं?

शाळेत इतिहास शिकताना आपण सनावळ्या पाठ केल्या. राजे, तह, लढाया, कायदे. त्या काळातली साधी माणसं पोटासाठी दिवसभर काय करत होती, हे पुस्तकात क्वचितच असे. कारण बहुतेक वेळा त्यांना तसं कुणी विचारलेलंच नव्हतं. ज्या थोड्यांनी विचारलं, त्यांची ओळख या स्मरणिकेच्या निमित्ताने करून द्यावीशी वाटली.

पहिला मान लंडनच्या हेन्री मेह्यूचा. ‘पंच’ या विनोदी साप्ताहिकाच्या संस्थापकांपैकी तो एक. १८४९ साली लंडनमध्ये कॉलऱ्याची साथ होती. त्याच वर्षी ‘मॉर्निंग क्रॉनिकल’ या दैनिकासाठी तो गरिबांच्या वस्त्यांत हिंडू लागला. पुढे दैनिकाशी बिनसलं, तेव्हा त्याने स्वतःच दोन पेन्सांचे साप्ताहिक अंक काढले. फेरीवाले, नदीच्या गाळात कोळसा वेचणारी मुलं, गटारांत उतरून वस्तू शोधणारे, अशा कितीतरी जणांना त्याने विचारलं : माल कुठून आणता? दिवसाला किती सुटतात? पावसात काय करता? उत्तरं त्याने शक्यतो त्यांच्याच बोलीत छापली.

त्यातून आज खरी वाटणार नाहीत अशी कामं उजेडात आली. काही जण रस्त्यावरची कुत्र्यांची विष्ठा बादलीत गोळा करत. बर्मंडसी भागातल्या कातडी कमावण्याच्या कारखान्यांत तिला मागणी होती. बादलीला साधारण आठ ते दहा पेन्स मिळत. कोरडी, चुन्यासारखी असेल तर भाव जास्त. जॅक ब्लॅक नावाचा उंदीर पकडणारा स्वतःला महाराणींचा उंदीरवाला म्हणवून घेई आणि लोखंडी उंदीर जडवलेला पट्टा मिरवी. उंदरांच्या चाव्यांनी आपण मरता मरता वाचलो, हेही त्याने सांगितलं.

मेह्यूची सर्वांत लक्षात राहणारी भेट आठ वर्षांच्या मुलीची आहे. ती वॉटरक्रेस या पालेभाजीच्या जुड्या विकायची. समोर लहान मूल, म्हणून त्याने आधी खेळणी, बागा असे विषय काढले. तिला ते परकेच होते. आपल्यासारख्यांना बागेत सोडतात का, असं तिनेच विचारलं. मग तो धंद्याविषयी बोलू लागला आणि ती पोक्त बाईसारखी सांगू लागली : पहाटेचा बाजार, हाडं गोठवणारी थंडी, घासाघीस. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण शिलिंगाचे बारा पेन्स पक्के ठाऊक होते.

पुढे शिकागोच्या स्टड्स टर्केल यांनी हेच काम टेपरेकॉर्डर घेऊन केलं. १९७४ च्या त्यांच्या ‘वर्किंग’ या पुस्तकात पाथरवट, हॉटेलात वाढणारी बाई, पियानो सुरात लावणारा, कबर खणणारा असे शंभरावर लोक आपापल्या कामाबद्दल बोलतात. कबर खणणाऱ्यालाही आपलं काम नेटकं झाल्याचा अभिमान आहे, हे वाचून आपण थबकतो.

मराठीत डॉ. अनिल अवचट याच वाटेने गेले. हमाल, विडी कामगार यांच्यात जाऊन, विचारून, त्यांनी लिहिलं. मुंबईच्या गिरणगावात मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी कामगारांच्या तोंडून त्या वस्तीचा इतिहास गोळा केला. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपाची तारीख कागदोपत्री सापडते. पण गिरणीच्या दारात रोज सकाळी आज काम मिळेल का म्हणून उभ्या राहणाऱ्या बदली कामगाराला काय वाटायचं, हे त्याला विचारल्याशिवाय कसं कळणार? गिरण्या गेल्या, ती माणसंही एकेक करून जात आहेत.

मित्रमैत्रिणींनो, आपण भेटलो की विचारतो, “सध्या कुठे असतोस? मुलं काय करतात?” आणि तिथेच थांबतो. आपल्यातला एक जण बोटीच्या इंजिनरूममध्ये आयुष्य काढून आलाय. एकाने वर्षानुवर्षं घाटात एस.टी. चालवली. एक मैत्रीण रोज माणसांना भूल देते आणि परत जागं करते. रात्री दाट धुक्यात रस्त्याची कड कशी ओळखायचास, असं त्या ड्रायव्हर मित्राला विचारून बघा. भूल चढताना माणसं शेवटचं काय बोलतात, ते तिला विचारा. आधी परवानगी घ्या, मग मोबाइलवर रेकॉर्ड करा, आणि तो बोलत असताना मध्ये स्वतःची गोष्ट सुरू करू नका.

सर आणि बाईंनाही सोडू नका. साठ मुलांच्या उत्तरपत्रिका घरचं सगळं सांभाळून रात्री कधी तपासत होता, हे त्यांना कुणीतरी विचारायलाच हवं. उत्तर मिळालं तर पुढच्या स्मरणिकेसाठी लिहून पाठवा.